भुताच्या चित्रपटाची शाळा



पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, म्हणजे आधी रसायनी लागते आणि लगेच पुढचे स्टेशन आपटा. रसायनी हे रसायनांच्या कारखान्यांवरून नाव पडलेले गाव. आपटा म्हणजे झाडीत दडलेले लहानसे स्टेशन. पण 1995 सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटातला शेवटचा, धावत्या गाडीचा प्रसंग या आपट्याच्या फलाटावर चित्रित झाला. पुढे 2005 साली कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी कर्जतजवळ मोठा स्टुडिओ उभारला. तेव्हा आमच्या खालापूर-कर्जतच्या मुलांना कॅमेऱ्याचे वेड लागले, तर त्यात नवल ते काय?

एके दिवशी तास संपल्यावर पाच-सहा मुले माझ्यापाशी आली. म्हणाली, “सर, आम्हांला सिनेमा काढायचाय. मोबाइलवर. भुताचा!”

खरे सांगायचे तर मला ते रुचले नाही. आमच्याकडे अजून कितीतरी घरांत ताप आला की आधी भगत आणि मग दवाखाना. याच अंधश्रद्धेपायी माणसे नाडली जातात, म्हणून महाराष्ट्राने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला. मग आपण शिक्षकांनीच मुलांच्या हाती भूत द्यायचे? मी म्हटले, “आठ दिवसांनी या.” आणि मी इतिहासाचा माणूस, म्हणून त्या आठ दिवसांत चित्रपटाचा इतिहास चाळावयास बसलो. तिथे जे सापडले, त्याने माझे मत बदलले. तेच आज आपणांस सांगणार आहे.

पहिली गोष्ट जर्मनीतली. पहिले महायुद्ध संपले, देश कंगाल झाला. अशा दिवसांत तिथल्या लोकांनी ‘डॉक्टर कॅलिगरी’ (1920) आणि ‘नोस्फेराटू’ (1922) हे भयपट काढले. जिन्यावरून चढत जाणारी नुसती सावली दाखवावी, आणि प्रेक्षकाने खुर्ची घट्ट धरावी! भीती दिसण्यापेक्षा न दिसण्यात अधिक असते, हा धडा तिथे पक्का झाला.

हा धडा आपल्या मुंबईपर्यंत चालत आला. म्युनिकचा एक तरुण छायाचित्रकार, जोसेफ विर्शिंग, 1925 साली ‘लाइट ऑफ एशिया’च्या चित्रीकरणासाठी प्रथम हिंदुस्थानात आला. पुढे 1934 साली हिमांशू रॉय आणि देविकाराणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज काढली, तेव्हा तो तिथला छायाचित्रकार झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रज सरकारने त्याला स्थानबद्ध केले. सुटल्यावर तो पुन्हा कॅमेऱ्यामागे उभा राहिला, आणि 1949 साली ‘महल’ हा चित्रपट आला. ओसाड वाडा, हलणारा झोपाळा, दिव्याच्या उजेडात अर्धाच दिसणारा मधुबालेचा चेहरा! संकलन, म्हणजे दृश्यांची काटछाट नि जोडणी, केली होती बिमल रॉय यांनी. ते स्वतः मुळात छायाचित्रकार. त्यातले लता मंगेशकरांचे गाजलेले गीतही असेच ‘चित्रित’ झाले म्हणा ना. आवाज दुरून जवळ येतो असे वाटावे, म्हणून त्या खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या. आकाशवाणीच्या श्रोत्यांना त्यातली खुबी वेगळी सांगावयास नको.

आणि गंमत पाहा. ‘महल’मध्ये भूत नाहीच! शेवटी कळते की ती बाई म्हणजे वाड्याच्या माळ्याची मुलगी. म्हणजे अंगावर काटा आणला तो भुताने नव्हे. दिव्याने, सावलीने आणि कात्रीने.

दुसरी गोष्ट आपल्या महाबळेश्वरची. फाळणीनंतर कराचीहून आलेले एक सिंधी कुटुंब मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रेडिओचे दुकान चालवीत असे. कुटुंबप्रमुख एफ. यू. रामसे, आणि त्यांचे सात मुलगे. त्यांनी 1970 साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट काढला, तो पडला. परंतु मुलांनी थिएटरात बसून एक गोष्ट हेरली. पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरीला शिरतात, त्या प्रसंगाला लोक दचकतात, ओरडतात, आणि तेवढ्यासाठी पुन्हा तिकीट काढतात!

या भावांपैकी कोणी चित्रपटाच्या शाळेत गेला नव्हता. वडिलांनी काय केले? मुलांना काश्मिरात एका हाउसबोटीवर नेऊन बसविले आणि हाती एक पुस्तक दिले, जोसेफ मॅसेली या अमेरिकन छायाचित्रकाराचे, 1965 साली निघालेले. त्यात पाच गोष्टींचा अभ्यास आहे : कॅमेऱ्याचा कोन, दृश्यांतले सातत्य, काटछाट, जवळचे दृश्य आणि चौकटीची मांडणी. भाऊ ते वाचीत, आणि वाचलेले करून पाहत.

मग सारे बिऱ्हाड महाबळेश्वरला गेले. कुमारने कथा लिहिली, गंगूने कॅमेरा धरला, किरणने ध्वनी सांभाळला, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन केले. घरच्या बायकांनी स्वयंपाकपाणी पाहिले. स्टुडिओचे भाडे नाही, मोठे नट नाहीत. 1972 साली ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ पडद्यावर आला आणि चालला. या घराने पुढे बरीच वर्षे भयपट काढले. त्यांची अभिरुची सर्वांना मानवेल असे नाही, मलाही ती फारशी मानवत नाही. पण हात कसा तयार होतो, हे त्यांच्याकडून शिकावे.

आता कोणी विचारील, भुताच्याच चित्रपटाने हात तयार होतो तो का? तर याला परीक्षक पक्का असतो, म्हणून. करुण प्रसंग फसला तर प्रेक्षक सभ्यपणे गप्प बसतो. भीतीचा प्रसंग फसला की तो हसतो! चूक जागच्या जागी कळते.

आमच्या मुलांचेही तेच झाले, कारण आठ दिवसांनी मी परवानगी दिली होती. त्यांच्या पहिल्या चित्रपटात पांढरी चादर पांघरलेले भूत भर उजेडात दारातून चालत आले. वर्ग खो खो हसला. मुले हिरमुसली. मी म्हटले, “भूत काढून टाका. दार ठेवा.” मग त्यांनी रात्री तेच दार पुन्हा घेतले, बोटभर उघडे. आतून एकच टॉर्च, जमिनीलगत. आधी मुलीचा चेहरा, मग दार, पुन्हा चेहरा. दाराचे दृश्य किती वेळ ठेवायचे यावर त्यांचे तीन दिवस भांडण. दोन सेकंद ठेवले तर काहीच वाटत नाही. दहा ठेवले तर कंटाळा येतो. सहाव्या सेकंदाला कापले, आणि वर्गात कुणीतरी किंचाळले! संकलनावर मी तासभर बोललो असतो, तरी त्यांना हे कळले नसते.

त्या मुलांत पाताळगंगेकाठच्या एका वाडीवरचा मुलगा होता. दिवेलागणीनंतर ओढ्याजवळच्या पिंपळाखालून तो कधी एकटा जात नसे. टॉर्च धरण्याचे काम त्याच्याकडे होते. महिन्याने मला म्हणाला, “सर, आता पिंपळाखालून जाताना मी बघतो, उजेड कुठून येतोय ते.” त्याची आजी मात्र अजूनही सांजेला त्याला हाका मारीत सुटते. असो. एका चित्रपटाने सारे गाव बदलत नाही.

परंतु शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, भीती कशी तयार करतात हे ज्याने आपल्या हातांनी पाहिले, त्याला दुसऱ्याने तयार केलेली भीती विकणे कठीण जाते. अंगात आल्याचा देखावा करणारा भगतही शेवटी उजेड, आवाज आणि वेळ यांवरच पोट भरतो की नाही? तेव्हा तुमची मुले उद्या भुताचा सिनेमा मागू लागली, तर रागावू नका. एक मोबाइल, एक टॉर्च आणि एक दार एवढे पुरे. एक अट मात्र घाला : सिनेमा दाखवून झाला की भूत कसे केले, तेही त्याच मुलांनी सर्वांना उभे राहून सांगायचे.