शवासन व चित्तविश्रांती

शवासन : योगातील विश्रांतीचे एक आसन. उताणे पडून, हातपाय सैल सोडून प्रेताप्रमाणे निश्चल राहणे हे त्याचे बाह्य स्वरूप होय. त्यास ‘मृतासन’ असेही म्हणतात. शरीर निश्चल झाले, तरी मन निश्चल होतेच असे नाही. त्यामुळे मनाच्या चंचलतेवरील उपायांशी ह्या आसनाचा इतिहास निगडित आहे.

मन वाऱ्याप्रमाणे आवरण्यास कठीण आहे, ही अर्जुनाची तक्रार भगवद्‌गीतेच्या सहाव्या अध्यायात येते. श्रीकृष्ण ती मान्य करून अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतो. पतंजलीच्या योगसूत्रांतही हेच दोन उपाय आहेत. व्याधी, संशय, आळस इ. नऊ अंतराय चित्ताला विक्षिप्त करतात आणि अंगाचा कंप व श्वासाची अनियमितता त्यांच्या सोबतीने येतात, असे पतंजली म्हणतो. प्रयत्न शिथिल केल्याने आसन सिद्ध होते, हेही त्याने नमूद केले आहे. मात्र शवासनाचा निर्देश योगसूत्रांत नाही.

तेराव्या शतकाच्या सुमाराच्या दत्तात्रेययोगशास्त्रात प्रेतवत् उताणे पडणे हा चित्ताच्या लयाचा एक उपाय म्हणून येतो. पंधराव्या शतकातील हठयोगप्रदीपिकेत स्वात्मारामाने त्याची गणना आसनांत केली आणि श्रमपरिहार व चित्तविश्रांती ही त्याची फले सांगितली. प्राण चंचल असता चित्तही चंचल असते, हे हठयोगाचे गृहीतक होय. त्यामुळे मनावर थेट बळ न लावता शरीर आणि श्वास ह्यांच्या द्वारे त्याला शांत करण्याचा मार्ग प्रशस्त झाला.

महाराष्ट्रात ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीत (१२९०) गीतेच्या सहाव्या अध्यायाचे विवरण करताना एक मार्मिक सूचना केली आहे. निग्रहाने चित्त स्थिरावले तर उत्तमच. अन्यथा ते मोकळे सोडावे. ते जेथे जाईल तेथून साधकाचा नियमच त्याला परत आणील, असा तिचा आशय आहे.

विसाव्या शतकात शवासनाला उपचाराचे स्वरूप आले. स्वामी कुवलयानंद ह्यांनी लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रायोगिक अभ्यास सुरू केला. अमेरिकेत एडमंड जेकबसन ह्यांनी एकेक स्नायुसमूह ताणून सैल करण्याची पद्धती १९२९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. पायांपासून डोक्यापर्यंत अवयव क्रमाने शिथिल करण्याची आजची रीत हिच्याशी मिळतीजुळती आहे. हठयोगप्रदीपिकेतील त्रोटक वर्णनात असा क्रम नाही. मुंबईचे हृद्‌रोगतज्ज्ञ के. के. दाते व त्यांचे सहकारी ह्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील शवासनाच्या प्रयोगाचे अनुकूल निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये चंद्रा पटेल ह्यांनी १९७५ मध्ये ३४ रुग्णांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी करून अशीच चाचणी घेतली व रक्तदाब घटल्याचे दाखविले; परंतु तीत शिथिलीकरणाला यांत्रिक प्रतिसूचनेची जोड असल्याने केवळ शिथिलीकरणाचा परिणाम वेगळा करता येत नाही.

शिथिलीकरण आणि ध्यान ह्यांत परंपरेने भेद मानला आहे. गौडपादाच्या माण्डूक्यकारिकांनुसार विक्षिप्त चित्ताला शांत करावे, तसेच निद्रेत लीन होऊ पाहणाऱ्या चित्ताला जागे करावे. म्हणून शवासनात झोप लागणे ही विश्रांती असली, तरी ध्यान नव्हे. ध्यानास अनुकूल अशी शांत पण जागृत अवस्था सिद्ध करणे, एवढेच शवासनाचे कार्य होय.