डेल्कोची विद्या कुणी बुडवली?

जुन्या मिस्त्रीच्या तोंडी डिस्ट्रिब्युटरचं नाव डेल्को. हिंगोली-वसमतच्या रस्त्यावर एखादी जुनी पेट्रोल गाडी मिसिंग मारू लागली, की आजही पहिला प्रश्न येतो, डेल्को बघितला का? हा शब्द म्हणजे चार्ल्स केटरिंग यांनी 1909 साली अमेरिकेत काढलेल्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीची आद्याक्षरं. बॅटरी, कॉइल आणि पॉईंट यांच्या मेळातून ठिणगी पाडण्याची त्यांची पद्धत कॅडिलॅक गाड्यांतून पुढे आली आणि पुढची सहा-सात दशकं जगभर चालली. कंपनीचं नाव आपल्याकडे वस्तूचं नाव झालं, जसा टेम्पो झाला. नाव राहिलं, विद्या मात्र ओसरली. ती कॉम्प्युटरनं आणि स्कॅनरनं मारली, असा सरसकट समज आहे. मला तो पटत नाही. मराठवाड्यात डेल्कोचा घात आधीच झाला होता, आणि तो डिझेलनं केला.

कालक्रम पाहा. निजाम राज्याच्या रेल्वेनं 1932 साली 27 बसगाड्यांनिशी प्रवासी सेवा सुरू केली, तो जमाना पेट्रोलचा होता. स्वातंत्र्यानंतर महिंद्राची विलीज जीप आली, फियाट आणि अँबॅसिडर आल्या, त्याही पेट्रोलवरच्या. 1961 साली लुकास-टीव्हीएस स्थापन झाली आणि अशा विजेच्या सुट्या भागांचं उत्पादन देशात होऊ लागलं. म्हणजे विद्या शिकायला गाड्या होत्या, माल होता. मग 1973 चं तेलसंकट आलं. पेट्रोल भडकलं, डिझेल मात्र सरकारनं 2014 पर्यंत दरनियंत्रणात ठेवलं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर डिझेलवर धावत होती, जीपलाही सत्तरच्या दशकात डिझेल इंजिन बसलं. दिवसाला चार फेऱ्या मारून पोट भरणाऱ्यानं पेट्रोल परवडवायचं कसं? डिझेलमध्ये हवा दाबूनच इंधन पेटतं. प्लग नाही, कॉइल नाही, डेल्को नाही. हिंगोली 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा जिल्हा झाला, तोवर भाड्याच्या वाहतुकीत ठिणगी शोधणाऱ्याला कामच उरलं नव्हतं. त्याचा पोरगा नोझल आणि फ्युएल पंप शिकला.

यावर कुणी म्हणेल, लुना आणि चेतक होत्या की घरोघर, त्या पेट्रोलच्याच. खरं आहे, आणि पॉईंट घासायला, प्लग साफ करायला त्यांनीच शिकवलं. पण त्यांचं इंजिन एका सिलेंडरचं, आणि करंट मॅग्नेटोतून येणारा. तीन-चार सिलेंडरांत ठिणगी पाळीपाळीनं वाटायचा प्रश्नच तिथे येत नाही. म्हणून रोटर नाही, डेल्कोची टोपी नाही. चेतकवर तयार झालेला हात मोटारीच्या टायमिंगला अडखळायचा तो यामुळे.

ती विद्या जगवली मारुतीच्या व्हॅननं, म्हणजे 1984 साली आलेल्या आणि पुढे ओम्नी म्हणून ओळखल्या गेलेल्या गाडीनं. 796 सीसी, तीन सिलेंडर, ठिणगीची पाळी 1-3-2. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे गाडीतच बसून हात घालता येतो, पण उष्णताही तिथेच कोंडते. कॉइल तापली की आतली तार दगा देते. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होणारी गाडी दुपारी औंढ्याच्या वाटेवर बंद पडते आणि अर्ध्या तासानं, काही न करता, पुन्हा सुरू होते. तीनपैकी एक सिलेंडर मेला तर तिसरा हिस्सा ताकद गेली, गाडी थरथरते. मिस्त्री चालू इंजिनवर प्लगच्या वायरी एकेक करून काढतो. जी काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तीच मेलेली. पॉईंट काळे पडले असतील तर संशय कंडेन्सरवर. फीलर गेज नसेल तर दाढीचं ब्लेड साधारण 0.1 मिलिमीटर जाडीचं असतं, चार ब्लेड एकावर एक धरली की पॉईंटच्या गॅपचा अंदाज येतो.

याला जुगाड म्हणून हिणवलं जातं. काही मिस्त्री एकेक पार्ट बदलत सुटायचे आणि गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा करायचे, हेही खोटं नाही. पण जाणत्या मिस्त्रीचा क्रम अंदाजाचा नसतो. कॉइलपर्यंत करंट आहे का, कॉइलमधून ठिणगी पडते का, मग टोपीपर्यंत, मग प्लगपर्यंत. दर पायरीला एकेक शक्यता बाद. स्कॅनरमागचं तर्कशास्त्र याहून निराळं नाही, फक्त ते सेन्सरनी भरलेल्या गाडीला लागू पडतं. 2000 नंतर प्रदूषणाच्या नियमांपायी कार्बोरेटर गेले, इंधन फवारणारी एमपीएफआय यंत्रणा आली, तेव्हा स्कॅनरला जागा झाली. तोवर डेल्को जाणणारे मोजकेच उरले होते.

आता महाराष्ट्र सरकारचं 2021 चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आहे, आणि जुन्या व्हॅनमध्ये गादी-शेगडी बसवून फिरण्याची हौसही वाढली आहे. कार्बोरेटरची ओम्नी घेऊन नरसीला किंवा औंढा नागनाथला निघणाऱ्यांना एवढंच सांगणं, की गादीचं माप घेण्याआधी डेल्कोची टोपी उघडून बघा. आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली, तर पावसाळ्यापूर्वी टोपी बदला.