गाडीतून विचित्र आवाज येतोय? मोबाईलच्या मदतीने असा शोधा

गाडी गॅरेजला नेली की आवाज नेमका गायब! मग आपण "काहीतरी वाजतंय" एवढंच सांगतो आणि अंदाजाने पार्ट बदलले जातात. पैसे वाचवायचे असतील तर आधी एकच गोष्ट शोधा: आवाज इंजिनसोबत बदलतो की चाकांसोबत?

1. गाडी रिकामी करा
दारातली बाटली, डिकीतला जॅक, सैल स्टेपनी. बऱ्याचदा खडखड यांचीच असते.

2. इंजिन की चाक?
गाडी मोकळ्या जागी उभी करा, हँडब्रेक लावा आणि न्यूट्रलमध्ये हलका रेस द्या. आवाज रेससोबत वाढला तर कारण इंजिन, बेल्ट किंवा सायलेन्सरच्या बाजूला आहे. आवाज आलाच नाही तर रिकाम्या रस्त्यावर ताशी 40 किमी वेग कायम ठेवून आधी तिसऱ्या, मग चौथ्या गिअरमध्ये चालवा. गिअर बदलला की इंजिनचे फेरे बदलतात, चाकांचे नाही. आवाज तसाच राहिला तर संशय चाकांवर.

3. रेकॉर्ड करा
हे काम शेजारी बसलेल्याचं. ड्रायव्हरने फोनला हात लावायचा नाही. रेकॉर्डरमधलं नॉईज रिडक्शन बंद करा, नाहीतर हवा तो आवाजच कापला जाईल. सुरुवातीला वेग आणि गिअर बोलून ठेवा. नंतर रेकॉर्डिंग स्लो करून ठोके मोजा. ताशी 20 किमी वेगाला छोट्या कारचं चाक सेकंदाला साधारण 3 वेळा फिरतं. टक-टकही तेवढीच असेल तर आधी टायरमध्ये खडा किंवा खिळा अडकलाय का बघा.

4. आवाज आणि संशयित
- वेगासोबत वाढणारी घुंईं, वळणावर कमी-जास्त होणारी: व्हील बेअरिंग
- स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवताना कट-कट: सीव्ही जॉइंट
- स्पीडब्रेकरवर खट-खट: सस्पेन्शनचे बुश किंवा लिंक रॉड
- थंड इंजिन सुरू करताना चिरका आवाज: बेल्ट
- ब्रेक दाबल्यावर किंचाळणं: ब्रेक पॅड झिजत आलेत. बऱ्याच पॅडमध्ये हा इशारा देण्यासाठीच पत्र्याची पट्टी असते.

ब्रेक दाबल्यावर लोखंड घासल्यासारखी खरखर आली, तर मात्र रेकॉर्डिंग करत बसू नका. पॅड संपून धातू डिस्कवर घासत असू शकतो. गाडी बाजूला घ्या आणि मेकॅनिकलाच तिथे बोलवा.

बाकी आवाजांसाठी क्लिप मेकॅनिकला आधीच व्हॉट्सअ‍ॅप करा. सोबत कधी, किती वेगाला आणि कुठल्या बाजूने येतो, हेही लिहा.