पुसलेली पाटी

मालवणात माझ्या टेबलावरच्या संगणकात अजून विंडोज एक्सपी आहे, २००१ सालची. पाहुणे हसतात. पण युनिकोड रुळण्याआधी आम्ही मराठीत लिहिणारे पुण्याच्या श्रीलिपीवर किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर टाइप करायचो. त्या फॉन्टांतला मजकूर नव्या यंत्रावर उघडला की कवितेच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीची साथ सोडली. मी सोडली नाही, फक्त तिला इंटरनेट जोडत नाही.

जुनी हार्डडिस्क गेली तेव्हा मुलाने एसएसडी बसवून दिली. आधी वाऱ्यासारखी पळाली, वर्षभरात रेंगाळू लागली.

या डिस्कमधली 'नँड' फ्लॅश स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांच्या चमूने १९८७ मध्ये जगापुढे मांडली. तिची रीत आपल्या शाळेच्या पाटीची. लिहायचं ओळीओळीने, पुसायची मात्र अख्खी पाटी. म्हणून डिस्कमधला कारभारी सवडीने कामाच्या ओळी दुसऱ्या पाटीवर उतरवतो आणि जुनी धुतो. हेच 'गार्बेज कलेक्शन'.

पण कुठली ओळ मेली, हे त्याला सांगणार कोण? आपण फाइल काढली की एक्सपी स्वतःच्या यादीतलं नाव तेवढं खोडते, डिस्कला कळवत नाही. त्याच जागी नवं काही लिहिलं, तरच त्याला उमगतं. तोवर बिचारा कचराही जपून पाटीवरून पाटीवर वाहतो. कळवणारी 'ट्रिम' ही आज्ञा विंडोजमध्ये २००९ च्या विंडोज ७ पासून आली. एक्सपीवाल्याने थोडी जागा कोरी राखावी आणि यंत्र अधूनमधून नुसतं चालू ठेवावं, म्हणजे कारभाऱ्याला सवड मिळते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज राहिली तर!

या अडाणीपणाचा मला एकदा फायदा झाला. आईने सांगितलेली लग्नातली गाणी, आमच्या घरच्या कोकणी बोलीतली, मी उतरवून ठेवली होती. एका रात्री चुकून तो फोल्डर काढून टाकला. आई तेव्हा हयात नव्हती. मी यंत्र लगेच बंद केलं. दुसऱ्या दिवशी मुलाने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, फक्त वाचण्यापुरती. चौदांपैकी अकरा गाणी परत मिळाली. ट्रिम असती तर बहुधा एकही मिळालं नसतं.

उरलेल्या तिन्हींसाठी मी रत्नागिरीला मावशीकडे गेलो. तिला दोन आठवत होती.