मूत्राशयात दिवा कोणी नेला?

शरीराच्या आतल्या ज्या जागा सहज पाहता येतात त्या थोड्याच. तोंड उघडले की घसा दिसतो, कानात उजेड टाकला की पडदा दिसतो. मूत्राशय ही मात्र अंधारकोठडी आहे. तिथे जाण्याची नैसर्गिक वाट एकच, आणि तीही अरुंद व पुरुषांच्या बाबतीत वळणाची. मूतखडा हा तर फार जुना विकार. सुश्रुतसंहितेत ‘अश्मरी’ आणि ती शस्त्राने काढण्याची रीत सांगितली आहे. पण डोळे तिथे पोचत नसत. वैद्याला बोटांनी चाचपून अंदाज घ्यावा लागे. पुढे युरोपातही धातूची सळई आत घालून ती खड्यावर आपटल्याचा ‘टक्’ आवाज येतो का, यावरून निदान होई. म्हणजे मूत्राशयाचे वैद्यक हे फार काळ स्पर्शाचे आणि कानाचे शास्त्र होते.

ते डोळ्यांचे शास्त्र कसे झाले, ही हकिकत आपण पाहू या. शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यातले बरेच काही तिच्यात येते, म्हणून ती शिक्षकांच्या उपयोगाची आहेच. शिवाय दवाखान्यातल्या एका सहसा न दिसणाऱ्या माणसाची, मूत्रविकार विभागातल्या तंत्रज्ञाची, ती वंशावळ आहे.

मेणबत्ती आणि आरसा

फिलिप बोत्सिनी हा जर्मनीतल्या माइन्त्स गावी १७७३ साली जन्मलेला डॉक्टर. फ्रँकफुर्टला व्यवसाय करीत असताना १८०६ च्या सुमारास त्याने ‘लिश्टलाइटर’, म्हणजे प्रकाश वाहून नेणारे, असे एक उपकरण पुढे आणले. फुलदाणीच्या आकाराची, चामड्याने मढवलेली पत्र्याची पेटी, आत एक मेणबत्ती, तिच्यामागे आरसा आणि पुढे शरीरात घालण्याची नळी. नळीतून प्रकाश आत जाई आणि परावर्तित होऊन डोळ्याकडे येई. मेणबत्तीचा उजेड थेट डोळ्यात येऊ नये म्हणून दोन्ही वाटा वेगळ्या ठेवल्या होत्या. साधी वाटणारी ही युक्ती फार महत्त्वाची आहे. डोळ्यासमोर दिवा धरून अंधाऱ्या खोलीत पाहिले तर काही दिसत नाही, हे वर्गात सहज दाखवता येईल.

व्हिएन्नात या उपकरणाच्या चाचण्या झाल्या. पण तिथल्या वैद्यकीय मंडळींनी ते उचलून धरले नाही. १८०९ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी, बोत्सिनी टायफसच्या तापाने मरण पावला आणि उपकरण बाजूला पडले. १८५३ साली पॅरिसच्या देसोर्मो याने मेणबत्तीच्या जागी अल्कोहोल आणि टर्पेंटाइनच्या मिश्रणावर जळणारा दिवा वापरला आणि प्रकाश एकवटण्यासाठी भिंग बसवले. ‘एन्डोस्कोप’ हे नाव रूढ झाले ते त्याच्या उपकरणामुळे. उजेड वाढला, पण दिवा बाहेरच होता आणि लांब नळीच्या टोकाशी दिसणारा भाग अगदी लहान होता. किल्लीच्या भोकातून दिवाणखाना पाहावा तसा हा प्रकार.

कारागिराच्या नावाचे माप

इथे थोडे थांबून पॅरिसमधल्याच दुसऱ्या एका माणसाची ओळख करून घेऊ. जोसेफ शारिएर (१८०३–१८७६) हा डॉक्टर नव्हता, शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारा कारागीर होता. मूत्रमार्गात घालायच्या नळ्या प्रत्येक कारखान्यात वेगळ्या मापाच्या बनत आणि त्यामुळे गोंधळ होई. शारिएरने सोपे माप ठरवले. नळीचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्याला तीनने गुणा. आज जगभर ‘फ्रेंच’ म्हणून जे माप चालते ते हेच. १६ नंबरच्या नळीचा व्यास १६ भागिले ३, म्हणजे सुमारे ५.३ मिलिमीटर.

तीननेच का गुणायचे, हा प्रश्न मुलांना घालावा. पाय या संख्येची किंमत तीनच्या जवळपास आहे, त्यामुळे हा नंबर नळीच्या परिघाच्याही जवळ येतो. १६ नंबरच्या नळीभोवती दोरा गुंडाळून मोजला तर १६.७ मिलिमीटरच्या आसपास भरेल. रबरी किंवा प्लॅस्टिकची कोणतीही बारीक नळी घेऊन हा प्रयोग करता येतो. मूत्रविकार विभागात रोज शेकडो वेळा उच्चारले जाणारे माप एका कारागिराने दिले आहे, हेही सोबत सांगावे.

दिवाच आत न्यायचा

खोली उजळायची तर दिवा खोलीतच न्यायला हवा, हे माक्स नित्से या जर्मन डॉक्टरने ओळखले. नित्से (१८४८–१९०६) ड्रेस्डेनमध्ये काम करीत होता. १८७७ साली त्याने आपले उपकरण दाखवले. त्यात दोन गोष्टी नव्या होत्या. नळीच्या आतल्या टोकाशी प्लॅटिनमची तार होती. बॅटरीचा प्रवाह सोडला की ती पांढरीशुभ्र तापून प्रकाश देई. दुसरे म्हणजे नळीत लहान भिंगांची मालिका होती. तिच्यामुळे दृश्याचा आवाका कितीतरी वाढला. किल्लीचे भोक जाऊन जणू खिडकी आली.

पण तापलेली प्लॅटिनमची तार मूत्राशयात नेणे म्हणजे निखारा नेण्यासारखेच. म्हणून तारेभोवती सतत थंड पाणी खेळवावे लागे. बॅटरी, पाणी आणि भिंगे, यांपैकी एक जरी बिघडले तरी तपासणी बंद. हे सगळे एकट्या नित्सेने केले असे मानू नये. ड्रेस्डेनचा हत्यारे बनवणारा डाइके, बर्लिनचा भिंगे घासणारा बेनेश आणि पुढे व्हिएन्नाचा कारखानदार योसेफ लाइटर यांच्या हातांतून ते उपकरण आकाराला आले. १८७९ साली लाइटरने बनवलेले सुधारित रूप व्हिएन्नातल्या डॉक्टरांसमोर आले. नंतर श्रेय कोणाचे यावरून नित्से आणि लाइटर यांच्यात बेबनाव झाला. कल्पना एकाची आणि हात दुसऱ्याचा असला की हा तंटा विज्ञानाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो.

त्याच १८७९ साली एडिसनने विजेचा व्यवहारोपयोगी दिवा तयार केला. १८८३ मध्ये ग्लासगोच्या डेव्हिड न्यूमन याने विजेचा छोटा दिवा मूत्राशय पाहण्याच्या उपकरणात वापरला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत नित्से व लाइटर या दोघांनीही तो स्वीकारला. प्लॅटिनमची तार आणि पाण्याचा खेळ संपला. यानंतरची जवळजवळ सत्तर वर्षे डॉक्टर याच चिमुकल्या दिव्याच्या भरवशावर पाहत होते आणि तो ऐन वेळी जाऊ नये ही त्यांच्या मदतनिसाची काळजी होती.

काचेत हवेची भिंगे

१९५० च्या दशकात लिव्हरपूलचे मूत्रविकारतज्ज्ञ जेम्स गाउ यांना मूत्राशयातल्या गाठींची छायाचित्रे घ्यायची होती. उजेड पुरेना. ते भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स (१९१८–१९९४) यांच्याकडे गेले. जुन्या दुर्बिणीत लांब नळीभर हवा आणि मध्ये मध्ये काचेची पातळ भिंगे, अशी रचना होती. हॉपकिन्स यांनी ती उलटी केली. लांब काचेच्या कांड्या आणि त्यांच्यामध्ये हवेच्या छोट्या फटी. जणू काचेच्या नळीत हवेची भिंगे.

फायदा का होतो, ते पाहू. अशा मालिकेतून पार जाणारा प्रकाश माध्यमाच्या अपवर्तनांकाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हवेसाठी तो १, काचेसाठी सुमारे १.५, वर्ग केला की २.२५. म्हणजे नुसत्या या बदलाने प्रकाश दुपटीहून अधिक. शिवाय पातळ भिंगे जागेवर धरून ठेवण्यासाठी आत आणखी एक नळी लागे. कांड्यांना ती फारशी लागत नाही, म्हणून तेवढ्याच जाडीत काचेची त्रिज्या वाढवता येते. प्रकाश त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. त्रिज्या दीडपट झाली तर प्रकाश पाचपट! दोन्ही गुणाकार करून पाहावेत म्हणजे या उलट्या रचनेचे मोल कळेल.

हॉपकिन्स यांनी १९५९ साली पेटंटसाठी अर्ज केला. आरंभी कारखानदारांनी फारसा रस घेतला नाही. १९६५ मध्ये जर्मनीतल्या टुटलिंगन गावचे कार्ल श्टोर्त्स पुढे आले आणि दोनएक वर्षांत ही दुर्बीण बाजारात आली. आतला दिवाही तोवर गेला होता. दिवा पुन्हा बाहेर आला, पण आता त्याचा प्रकाश काचेच्या हजारो तंतूंच्या जुडग्यातून आत जाऊ लागला. अशा तंतूंमधून प्रतिमा नेण्याविषयीचा निबंध हॉपकिन्स यांनी पंजाबातल्या मोगा येथे जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांच्याबरोबर १९५४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला होता. पूर्ण आंतरिक परावर्तन शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

कोणती बाटली टांगायची?

उजेड आला तरी रिकाम्या मूत्राशयाच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. म्हणून आत द्रव भरून तो फुगवावा लागतो आणि रक्ताने गढूळ झालेला द्रव सतत बदलावा लागतो. विजेच्या तारेने वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी आतून कापण्याची शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर, कोणता द्रव, हा जीवन-मरणाचा प्रश्न झाला.

मिठाचे पाणी रक्ताला मानवते, पण ते वीज वाहून नेते. मग तारेपाशी कापायला वीज उरत नाही. म्हणून शुद्ध पाणी वापरत. ते वीज जवळजवळ वाहत नाही आणि दिसतेही स्वच्छ. पण कापलेल्या शिरांवाटे ते रक्तात शिरते, आणि शुद्ध पाण्यात तांबड्या पेशी फुगून फुटतात. परासरणाचा हा धडा मनुका भिजवून आपण शिकवतोच. शस्त्रक्रियेनंतर काही रोग्यांची मूत्रपिंडे बंद पडत त्याचे कारण हेच असल्याचे अमेरिकेतले क्रीव्ही यांनी १९४७ साली दाखवले. १९४८ मध्ये नेस्बिट आणि ग्लिकमन यांनी ग्लायसीनचा द्रव सुचवला. ग्लायसीन हे अमिनो आम्ल. त्याचे द्रावण वीज वाहत नाही आणि १.५ टक्के द्रावणात पेशी सहसा फुटत नाहीत.

तरी धोका पूर्ण टळला नाही. हा द्रव फार शोषला गेला तर रक्तातले सोडियम पातळ होते आणि रोगी गोंधळतो, बरळू लागतो. म्हणून बाटली टेबलापासून साधारण ६० सेंटिमीटरहून उंच टांगायची नाही, असा दंडक पडला. ६० सेंटिमीटर पाण्याचा दाब पाऱ्याच्या ४४ मिलिमीटरइतका असतो आणि शिरांमधला दाब त्याहून बराच कमी. जेवढी उंची जास्त तेवढा द्रव शिरांत घुसणार. पुढे दोन्ही ध्रुव टोकाशीच असलेली विद्युत उपकरणे आल्यावर मिठाचे पाणी वापरणे शक्य झाले. आता विभागात दोन्ही प्रकारच्या बाटल्या असू शकतात, आणि कोणत्या यंत्राला कोणती, हे चुकून चालत नाही.

बाजूला उभा असलेला माणूस

बाटली कोण टांगतो? उंची कोण पाहतो? आत किती गेले आणि बाहेर किती आले याचा हिशेब कोण ठेवतो? डॉक्टरांचे डोळे तेव्हा पडद्यावर असतात. हे काम तंत्रज्ञाचे आणि परिचारिकेचे.

तंत्रज्ञाचा दिवस शस्त्रक्रियेच्या आधी सुरू होतो. प्रकाशाच्या केबलचे एक टोक दिव्याकडे धरून दुसऱ्या टोकात तो पाहतो. काळे ठिपके दिसले तर तितके काचतंतू तुटले आहेत. केबल घट्ट गुंडाळली की ते तुटतात, हे त्याला ठाऊक असते. ‘थंड प्रकाश’ हे नाव फसवे आहे, हेही त्याला माहीत असते. चालू केबलचे टोक चादरीवर राहिले तर ती जळू शकते. समोर पाहणारी शून्य अंशाची, किंचित तिरपी ३० अंशाची आणि कडेला पाहणारी ७० अंशाची, अशा दुर्बिणी असतात. केव्हा कोणती लागेल ते ओळखून ती हातात द्यायची. बाहेरची नळी, जोडाचा भाग, दुर्बीण यांची मापे जुळवायची, आणि तिथे शारिएरचा तीनचा पाढा उपयोगी पडतो.

काम संपल्यावर सफाई. ती सर्वांत कमी दिसणारी आणि सर्वांत महत्त्वाची. ग्लुटारल्डिहाइडचा द्रव जंतू मारतो, पण प्रथिने जागच्या जागी घट्टही करतो. म्हणून आधी ब्रशने प्रत्येक पोकळी घासून धुतली नाही, तर रक्ताचा पापुद्रा तिथेच पक्का बसतो आणि त्याखाली जंतू सुरक्षित राहतात. मग निर्जंतुक पाण्याने खळबळणेही तितकेच आवश्यक. यात घाई झाली तर शिक्षा पुढच्या रोग्याला होते आणि चूक कुठे झाली हे कोणालाच दिसत नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकांत शोध एकेकट्या माणसाच्या नावाने येतात. दुर्बिणीची ही गोष्ट तशी सांगताच येत नाही. नित्सेला बेनेशचे भिंग लागले, गाउंना हॉपकिन्सचे गणित लागले, हॉपकिन्सना श्टोर्त्सचा कारखाना लागला. आणि आजच्या शस्त्रवैद्याला शेजारी उभा असलेला, परासरण व परावर्तन समजून काम करणारा माणूस लागतो. बारावीनंतर डॉक्टर होता आले नाही म्हणून खट्टू होणारी मुले दर वर्षी आपल्यासमोर येतात. शस्त्रक्रियागृहाच्या तंत्रज्ञाचे शिक्षण ही त्यांच्यासाठी दुय्यम वाट नाही, हे त्यांना शिक्षकांनी सांगितले तर पटेल. प्रकाशाचा धडा शिकवतानाच ते सांगता येईल.