दंडावरील व्रण आणि हातातील दाखला

परदेशी निघालेल्या कुटुंबाच्या सामानात पारपत्राच्या जोडीला आणखी एक कागद असतो. तो म्हणजे मुलांच्या लसीकरणाचा दाखला. आईबापांच्या सर्व कागदांपेक्षा याच कागदाने त्यांना अधिक बुचकळ्यात पाडावे, असा आजचा अनुभव आहे. एका देशाला जी लस आवश्यक वाटते तिची दुसरा देश चौकशीही करीत नाही. एके ठिकाणी नऊ महिन्यांच्या मुलाला जो नियम लागू, तो दुसरीकडे वर्षाच्या मुलापासून पुढे लागू. जबलपूर जिल्ह्यातील सिहोऱ्यासारख्या लहान गावातूनही आता मुलेबाळे घेऊन लोक परदेशी जाऊ लागले आहेत, आणि सरकारी नोकरीतल्या माणसाला ते हटकून विचारतात, की रोग सर्वत्र एकच असताना नियम मात्र निरनिराळे का? या प्रश्नाचे अर्धे उत्तर वैद्यकशास्त्रात सापडते आणि उरलेले अर्धे इतिहासात. त्या इतिहासाचा आरंभ, श्रोतेहो, लहान मुलांच्या प्रवासापासूनच झालेला आहे.

एडवर्ड जेन्नर याने १४ मे १७९६ रोजी जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला गाईच्या देवीची लस टोचली, हे आपण शाळेत शिकलो. परंतु ही लस भारतात कशी पोचली, याची हकिगत फारशी सांगितली जात नाही. दोऱ्याला किंवा काचेला लावून वाळवलेली लस जहाजाने पाठवावी, तर कित्येक महिन्यांच्या प्रवासात आणि उष्ण कटिबंधातील उन्हात ती निर्जीव होऊन जाई. अखेर व्हिएन्ना येथील डॉक्टर जाँ द कारो याने पाठवलेली लस कॉन्स्टँटिनोपलवरून बगदादला, तेथून बसऱ्याला आणि बसऱ्याहून समुद्रमार्गे मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. भारतात देवीची लस प्रथम लाभली ती या मुलीला. तिच्या दंडावरील फोडातून निघालेली लस दुसऱ्या मुलांना टोचण्यात आली, त्यांच्यापासून आणखी काहींना, आणि अशा रीतीने ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास असा प्रवास करीत देशभर पसरली.

लस हा आपला शब्दही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. फोडातून झिरपणारा पातळ स्राव, हा त्याचा जुना अर्थ. त्या काळी लस ही कुपीत भरलेली वस्तू नव्हती, ती एका जिवंत देहातून दुसऱ्या जिवंत देहात जात असे. ज्याला देवी येऊन गेल्या असतील किंवा लस टोचली असेल, त्याच्या दंडावर फोड धरत नसे. मोठी माणसे बहुतेक देवीतून गेलेली असत. म्हणून लस जिवंत ठेवण्यासाठी हवी असत ती लहान मुलेच. स्पेनच्या राजाने डॉक्टर बाल्मिस याच्या हाती १८०३ साली अमेरिका खंडाकडे लस पाठवली, तेव्हा जहाजावर बावीस अनाथ मुले होती. नऊदहा दिवसांच्या अंतराने दोन दोन मुलांना लस टोचीत हे जहाज महासागर ओलांडून गेले. पुढे मेक्सिकोहून फिलिपाईन्सला लस नेताना याच रीतीने सव्वीस मुले नेण्यात आली. त्या मुलांची संमती कोणी घेतली नाही आणि त्यांतील बहुतेकांची नावेही कोणाच्या ओठांवर नाहीत. लाखो जिवांचे रक्षण ज्यांच्या कोवळ्या दंडांनी केले, ती मुले इतिहासाच्या पानात केवळ संख्या होऊन राहिली.

पुढे लस वासरांच्या अंगावर तयार होऊ लागली आणि मुलांची या कामातून सुटका झाली. बेळगावच्या टिळकवाडीतील मैदानाला आजही लोक 'व्हॅक्सिन डेपो' म्हणतात, ते या लसनिर्मितीचेच स्मरण होय. मराठी मुलखात 'देवी काढणे' हा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि गावोगाव फिरणारा देवी डॉक्टर आला म्हणजे मुले माळ्यावर लपून बसू लागली.

लस आणि प्रवास यांची खरी गाठ पडली ती आगगाडीमुळे आणि प्लेगमुळे. सिहोरा ज्या मार्गावर आहे तो जबलपूर ते अलाहाबाद लोहमार्ग १८६७ साली खुला झाला आणि १८७० साली मुंबईकडून आलेला मार्ग जबलपूरला त्यास येऊन मिळाला. मुंबई आणि कलकत्ता ही शहरे रुळांनी जोडली गेली. माणसाबरोबर रोगही आता बैलगाडीऐवजी आगगाडीने जाऊ शकत होता. १८९६ साली मुंबईत प्लेग प्रकटला आणि युरोपातील राष्ट्रांना धडकी भरली. १८९७ साली व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ती मुख्यतः मुंबईच्या या प्लेगाचा विचार करण्यासाठी. त्या वर्षी भारतातून निघणारी हजयात्रा थांबवण्यात आली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि स्थानकास्थानकावर उतारूंची तपासणी सुरू झाली. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या वाट्याला तिचा जाच अधिक आला.

पुण्यात या तपासणीने काय रूप घेतले, हे सर्वांस माहीत आहे. सोजिरांनी घराघरात शिरून बायकामुलांना बाहेर काढले. लोकक्षोभ वाढला आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षाच्या १० जानेवारीस मुंबईत डॉक्टर हाफकिन याने आपली प्लेगाची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, आणि मग लोकांना टोचून घेण्याचे आवाहन केले होते. एकाच वर्षातील या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. रोगनिवारणाचा हेतू दोन्हीकडे होता. परंतु एका बाजूने माणसावर सक्ती केली आणि दुसऱ्या बाजूने आधी स्वतःचा दंड पुढे केला. पुढे अनेकांनी आपखुशीने लस टोचून घेतली, तिचे श्रेय बंदुकीच्या धाकाला देता येणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रांनी या बाबतीत एकमेकांशी बोलून मार्ग काढण्याचे ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ साली आंतरराष्ट्रीय स्वच्छता नियम संमत केले आणि १९५२ च्या ऑक्टोबरात ते अमलात आले. लसीकरणाच्या दाखल्याचा नमुना सर्व देशांसाठी एक झाला. देवीचा दाखला तीन वर्षे चाले, पटकीचा सहा महिने. हे दाखले हळूहळू अनावश्यक झाले, हा त्या व्यवस्थेचा मोठा विजय म्हणावा लागेल. पटकीची लस प्रसार रोखीत नाही हे ध्यानात आल्यावर १९७३ साली तिच्या दाखल्याची अट नियमांतून वगळण्यात आली. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात आढळला. ८ मे १९८० रोजी देवीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. ज्या रोगापायी मुलांना जहाजावर चढवले होते, त्या रोगाचा दाखला आज कोणीही मागत नाही.

मग आजचे नियम निरनिराळे का? त्यांतील कित्येक भेद शास्त्राला धरूनच आहेत. गोवराचेच पाहा. आईच्या रक्तातून मिळालेले संरक्षण मुलाच्या शरीरात काही महिने टिकते आणि तोवर लस पुरेशी लागू पडत नाही. आपल्याकडे तान्ह्या मुलांना गोवराचा धोका अधिक, म्हणून पहिली मात्रा नवव्या महिन्यात देतात. अमेरिकेत तो धोका कमी असल्याने पहिल्या वाढदिवसानंतरची मात्राच हिशेबात धरतात. तेव्हा आपल्या मुलाला तेथील शाळेत पुन्हा लस घ्यावी लागली, तर त्यात आपल्या डॉक्टरचा दोष नसतो आणि त्यांचाही नसतो. क्षयाच्या लशीचे असेच आहे. आपल्याकडे ती जन्मतःच टोचतात, अमेरिकेत सरसकट टोचत नाहीत; त्यामुळे आपल्या मुलाची क्षयाची त्वचाचाचणी तेथे संशयास्पद ठरू शकते. पीतज्वर भारतात आजवर पसरलेला नाही, पण तो पसरवणारा डास येथे भरपूर आहे. म्हणून त्या रोगाच्या प्रदेशातून दाखल्याविना येणाऱ्या प्रवाशाला आपण सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतो. ही लस अगदी तान्ह्या मुलाला धोक्याची असते. म्हणून कोठे नऊ महिन्यांची तर कोठे एक वर्षाची वयोमर्यादा घातलेली आढळते.

परंतु सर्वच भेद असे शास्त्रजन्य नसतात. २०२१ च्या ऑक्टोबरात ब्रिटनने पुण्यात तयार झालेली कोविशील्ड लस मान्य केली, पण भारताचा दाखला मान्य केला नाही. भारतानेही ब्रिटिश प्रवाशांवर तशीच बंधने घातली आणि आठवडाभरातच ब्रिटनने आपला नियम बदलला. त्या सुमारास आपल्याकडे मुलांसाठी लस खुली झालेली नव्हती. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ती ३ जानेवारी २०२२ पासून मिळू लागली. तोवर आईबापांच्या हाती दाखला असे आणि मुलांच्या हाती काहीच नसे. अमेरिकेने अठरा वर्षांखालील मुलांना लशीच्या अटीतून वगळले, कॅनडाने सूट दिली ती बारा वर्षांखालील मुलांना, तर भारतात पाच वर्षांखालील मुलांना चाचणीची माफी होती. एकाच कुटुंबातील दोन भावंडांना दोन नियम लागू होत आणि सीमा बदलली की तेही बदलत.

नियमाच्या मुळाशी ज्ञान असले तर तो समजावून सांगता येतो आणि लोक तो पाळतात. मुळाशी केवळ भय वा अविश्वास असला, तर तो सांगणाऱ्यालाही पटवून देता येत नाही. आम्हा शासकीय सेवकांनी १८९७ च्या पुण्यापासून घ्यावयाचा धडा हाच आहे. दाखला मागणाऱ्याने तो का मागितला हे सांगण्याची तयारी ठेवली पाहिजे. आईबापांनीही प्रवास ठरताच मुलाचे लसीकरणपत्रक काढून पाहावे आणि जावयाच्या देशाचे नियम त्या वेळी काय आहेत ते डॉक्टरांना विचारावे. काही लशी प्रवासाच्या कित्येक दिवस आधी घ्याव्या लागतात. पीतज्वराचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरला जातो. म्हणून ही चौकशी तिकीट काढण्यापूर्वी करणे बरे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी लस नेण्यासाठी मुलांना प्रवास घडवावा लागला. आज मुलांचा प्रवास निर्वेध व्हावा म्हणून लस टोचावयाची असते. एवढे अंतर आपण चालून आलो आहोत, हे दाखल्याच्या कटकटीतही विसरता कामा नये.