हार्लेमचे कृष्णवर्णीय कलावंत आणि त्यांचे आश्रयदाते

न्यूयॉर्कमधील हार्लेम ही वस्ती १९२०च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या सांस्कृतिक प्रबोधनाचे केंद्र बनली. या ‘हार्लेम रेनेसाँ’तील कवी आणि संगीतकार जगाला परिचित आहेत, दृश्यकलावंतांची वाट मात्र अधिक बिकट होती. कवीला कागद आणि लेखणी पुरते. चित्रकार-शिल्पकाराला प्रशिक्षण, कार्यशाळा, कलादालन आणि ग्राहक हवे असतात आणि वर्णभेदामुळे ही दारे बहुधा बंदच असत. १९२३ मध्ये फ्रान्समधील फाँतेन्ब्लो येथील उन्हाळी कलाशाळेसाठी शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज यांनी अर्ज केला, तेव्हा अमेरिकन निवड समितीने केवळ वर्णामुळे त्यांना नाकारले.

या कलावंतांना वैचारिक अधिष्ठान दिले ते हॉवर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञ ॲलेन लॉक यांनी. १९२५ मध्ये त्यांनी संपादित केलेल्या ‘द न्यू निग्रो’ या ग्रंथात आफ्रिकी शिल्पकलेकडे आपला वारसा म्हणून पाहण्याचे आवाहन होते. त्या ग्रंथासाठी चित्रे काढणारे ॲरन डग्लस यांनी हा विचार भित्तिचित्रांत उतरवला. सरकारी साहाय्याने १९३४ मध्ये त्यांनी रंगवलेली चित्रमालिका हार्लेममधील १३५व्या रस्त्यावरील ग्रंथालयात लावली गेली. आर्तुरो शोम्बर्ग यांचा कृष्णवर्णीयांच्या इतिहासविषयक संग्रह याच ग्रंथालयात होता; कार्नेगी कॉर्पोरेशनने १९२६ मध्ये तो दहा हजार डॉलर देऊन मिळवून दिला होता.

आर्थिक पाठबळ प्रामुख्याने श्वेतवर्णीयांच्या संस्थांकडून आले. हार्मन फाउंडेशनने १९२६ पासून पारितोषिके दिली, पुढे प्रदर्शनेही भरवली. परंतु या आश्रयाची किंमत होती. कृष्णवर्णीयांची वेगळी प्रदर्शने भरवून त्यांना सैल निकष लावले जातात, अशी कठोर टीका तरुण चित्रकार रोमेर बेअर्डन यांनी १९३४ मध्ये केली. लॉक यांच्या आग्रहालाही विरोध झाला. १९४३ मध्ये ‘मॉडर्न निग्रो आर्ट’ हा इतिहासग्रंथ लिहिणारे हॉवर्डचे जेम्स पोर्टर यांना अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलेची परंपरा आफ्रिकेपुरती बांधून ठेवणे मान्य नव्हते.

दरम्यान सॅव्हेज यांनी रोझेनवाल्ड फंडाच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसमध्ये शिक्षण घेतले आणि परतल्यावर हार्लेममध्ये स्वतःची कार्यशाळा उघडली. १९३७ मध्ये सरकारी कला प्रकल्पातून ‘हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर’ उभे राहिले, तेव्हा त्याच्या पहिल्या संचालक त्याच झाल्या. तरुण जेकब लॉरेन्स यांना या प्रकल्पात वेतनावर काम मिळावे, यासाठीही त्यांनी प्रयत्न केले. पुढे रोझेनवाल्ड शिष्यवृत्तीच्या बळावर लॉरेन्स यांनी १९४१ मध्ये दक्षिणेकडून उत्तरेकडे झालेल्या स्थलांतरावरील साठ चित्रांची मालिका पूर्ण केली. न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि वॉशिंग्टनचे फिलिप्स कलेक्शन यांनी ती निम्मी-निम्मी विकत घेतली. आजही ती सुरक्षित आहे.

सॅव्हेज यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी घडवलेले ‘द हार्प’ हे सोळा फूट उंचीचे प्लास्टरचे शिल्प लक्षावधी लोकांनी पाहिले. ते कांस्यात ओतण्यासाठी निधी नव्हता. प्रदर्शन संपल्यावर ते तोडून टाकण्यात आले आणि आज ते छायाचित्रांत व छोट्या प्रतिकृतींतच उरले आहे.

कृष्णवर्णीय कलावंतांसाठी ‘स्टुडिओ म्युझियम’ हे संग्रहालय हार्लेममध्ये १९६८ साली सुरू झाले. सॅव्हेज यांचे निधन त्याआधी सहा वर्षे झाले होते.